तुरुंगसुद्धा कंपनीला चालवायला द्यायचा का?

कराडची लेक

नमस्कार. मी मूळची कराडची, गेली सोळा वर्षं इंग्लंडात बर्मिंगहॅमला नर्स आहे. गेल्या रविवारी घरच्या ग्रुपवर धाकट्या भावाशी वाजलं. त्याचं म्हणणं, "ताई, एसटी, वीज, पाणी, सगळं एकदाचं खासगी करून टाकावं. तुरुंगसुद्धा. तुमच्याकडे तर आहेतच की." त्याचा राग मला कळतो. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारसनोंद करायला त्यानं तलाठ्याकडे किती खेटे घातले ते मी फोनवर ऐकलंय. पण "तुमच्याकडे तर आहेतच की" हे काही डोक्यातून जाईना, कारण तसा एक तुरुंग माझ्या बसच्या वाटेवर आहे.

११ नंबरची बस विन्सन ग्रीन रोडनं जाते तेव्हा ती उंच भिंत लागते. १८४९ चा तुरुंग. ऑक्टोबर २०११ मध्ये तो जीफोरएस कंपनीला दिला. चालू सरकारी तुरुंग कंपनीकडे जाण्याची इथली ती पहिलीच वेळ. डिसेंबर २०१६ मध्ये आत दंगल झाली, ती आवरायला बारा तास लागले. मग २०१८ च्या उन्हाळ्यात मुख्य तुरुंग निरीक्षक पीटर क्लार्क यांचं पथक आलं. त्यांना काय दिसलं? रक्त, उलट्या, उंदरांच्या लेंड्या, झुरळं. उघड उघड नशा. कर्मचारी आपल्याच खोल्यांत कडी लावून बसलेले, काही चक्क झोपलेले. तपासणी चालू असतानाच कर्मचाऱ्यांच्या पार्किंगमधल्या गाड्या जाळल्या गेल्या. २० ऑगस्ट २०१८ ला सरकारनं ताबा घेतला, पुढच्या वर्षी करारच संपवला आणि कंपनीकडून ९९ लाख पौंड घेतले.

हे झालं बातम्यांतलं. मला छळतं ते वेगळंच आहे. आमच्या वॉर्डात अधूनमधून कैदी पेशंट येतात, वेगवेगळ्या तुरुंगांतून. सोबत दोन कर्मचारी. एक लांब साखळी असते, तिचं एक टोक पेशंटच्या मनगटाला, दुसरं कर्मचाऱ्याच्या. पोटाच्या ऑपरेशननंतर एक म्हातारा रात्री संडासला उठला, तर साखळी मध्ये येऊन दार लागेना. मी पाठ करून पडदा धरून उभी राहिले. साखळी थोडा वेळ काढता येईल का, असं विचारलं तर साखळी बांधलेला कर्मचारी पोरगा म्हणाला, "वर फोन करून विचारावं लागेल." त्यानं फोन केला. आम्ही सगळे उत्तराची वाट बघत तसेच उभे.

माझा प्रश्न एवढाच आहे. त्या फोनच्या पलीकडे कोण असावं? मला वाटतं, ज्याला उठून दुसरीकडे जाता येत नाही त्याचं काम नफ्यावर सोडू नये. पण मग वीज, पाणी यांचं काय? तिथंही आपण कुठं दुसरीकडे जातो? माझं कुठं चुकतंय ते सांगा.

मागवाला (भिवंडी)

ताई, तुमचा नियम वीजेला लावू नका, मी भोगलंय. आमच्याकडे लाइट गेली की माग थांबतो, आणि माग थांबला की कामगाराची मजुरी बुडते, कारण त्याला विणलेल्या कापडाच्या मीटरवर पैसे मिळतात. अंधारात कापडावर हात ठेवून बसून राहिलेली माणसं मी पाहिलीत. त्या काळी शहरातली निम्म्याहून जास्त वीज चोरीत, गळतीत आणि न भरलेल्या बिलांत जायची. जिकडे बघावं तिकडे तारांवर टाकलेले आकडे. जानेवारी २००७ मध्ये महावितरणनं वितरणाचं काम फ्रँचायझी म्हणून टोरेंट पॉवर या खासगी कंपनीला दिलं. ट्रान्सफॉर्मर बदलले, केबली बदलल्या, मीटर लागले. काही वर्षांत गळती निम्म्याच्याही खाली आली. बिलांवरून मोर्चे निघाले, तेही लिहायला हवं. पण परवाना महावितरणकडेच राहिला आणि दर ठरवतो तो वीज नियामक आयोग.

मुद्दा असा की चोरी थांबली की कंपनीला पैसे मिळतात आणि मलाही लाइट मिळते. दोघांचं हित एका दिशेला. तुरुंगात कंपनीचा नफा कशात आहे ते कुणीतरी सांगा, म्हणजे तुमचं उत्तर मिळेल.

निळासागर (ओहायो)

मी सांगतो. भरलेल्या खाटांत. आमच्या राज्यानं २०११ मध्ये लेक एरीचा तुरुंग सीसीए कंपनीला ७ कोटी २७ लाख डॉलरला विकला. त्यानंतर याच कंपनीनं ४८ राज्यांना पत्र पाठवलं की तुमचे तुरुंग आम्ही विकत घेतो, करार २० वर्षांचा, आणि तुरुंग ९० टक्के भरलेला राहील याची हमी तुम्ही द्या. अ‍ॅरिझोनात तर १०० टक्क्यांच्या हमीचे करार झालेत. म्हणजे गुन्हे घटले, खाटा रिकाम्या पडल्या, तरी करदात्यानं भाडं भरायचं. माझ्याच पगारातून जातं हे.

तरी एक सांगतो. अमेरिकेतले जेमतेम ८ टक्के कैदी खासगी तुरुंगांत आहेत. बाकीचे सरकारी तुरुंगांत, आणि तिथं सगळं आलबेल आहे असं मुळीच नाही. तुमच्या ब्रिटनमध्येसुद्धा निरीक्षकांनी तातडीची पहिली नोटीस काढली ती जानेवारी २०१८ मध्ये, नॉटिंगहॅमच्या तुरुंगावर. तो सरकारीच होता. भावाला हेही कळवा, नाहीतर वाद अर्धवट राहील.

कोर्टाची पायरी

मी विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर वकील आहे, आठवड्यातून एकदा तुरुंगात मुलाखतीला जाते. आमचे तुरुंग चांगले आहेत असं मी म्हणणार नाही. २०२२ च्या एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) आकड्यांत देशातले ७५ टक्क्यांहून जास्त कैदी कच्चे, म्हणजे खटला चालू असलेले. पोलीस एस्कॉर्ट मिळाला नाही म्हणून आरोपीला तारखेला आणलंच नाही, असं वारंवार होतं. बाई कडेवर पोर घेऊन जाळीपलीकडच्या नवऱ्याला विचारते, "पुढची तारीख कधी?" आणि तो माझ्याकडे बघतो.

पण एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या कैद्याला चांगल्या वागणुकीबद्दल दर महिन्याला काही दिवसांची माफी मिळते. शिस्त मोडली असं कागदावर आलं की ती कापली जाते, आणि माणूस तेवढे दिवस जास्त आत राहतो. संचित रजेच्या (फर्लोच्या, म्हणजे काही दिवस घरी जायच्या) अर्जावरही तुरुंगाचा शेरा लागतो. आता ज्या कंपनीला माणशी, दिवसामागे पैसे मिळतात तिच्या हातात हे कागद द्यायचे? इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला होता. बीरशेबाजवळ कंपनीचा तुरुंग बांधून तयार होता, तरी नोव्हेंबर २००९ मध्ये नऊपैकी आठ न्यायाधीशांनी तुरुंग कंपनीकडे देणारा कायदाच रद्द केला. कंपनी तुरुंग वाईट चालवेल असं त्यांनी धरलं नव्हतं. नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेला माणूस कोंडून ठेवायचा अधिकार देणं, यानंच त्याच्या प्रतिष्ठेला धक्का लागतो, असं त्यांचं म्हणणं.

जेवण, धुलाई, दुरुस्ती ही कामं बाहेर द्या, माझी हरकत नाही. किल्ली आणि शेरा देऊ नका.

आणि भावासाठी: लोकसेवा हक्क कायदा, २०१५ पाहा. वारसनोंद अधिसूचित सेवांच्या यादीत असेल आणि मुदत उलटली असेल, तर प्रथम अपील टाकता येतं. अर्जाची पोच जपून ठेवलीय ना?

कराडची लेक

वकीलताई, "किल्ली आणि शेरा" हे मला नेमकं सापडत नव्हतं. मागवालादादा, तुमचंही पटलं, वीजेची आणि साखळीची मी मोट बांधली होती.

दुरुस्तीबद्दल मात्र एक. इथं बऱ्याच तुरुंगांची दुरुस्ती करणारी कॅरिलियन कंपनी १५ जानेवारी २०१८ ला बुडाली आणि सरकारला ते काम अंगावर घ्यावं लागलं. स्मेथविकला नवं हॉस्पिटलही तीच बांधत होती. ते २०१८ मध्ये उघडायचं होतं, उघडलं ऑक्टोबर २०२४ मध्ये. मधली कित्येक वर्षं आम्ही जुन्याच इमारतींत काम रेटलं. म्हणून बाहेर द्यायचं तर कंपनी बुडाल्यावर दुसऱ्या दिवशी पाना कोण धरणार, हे करारात आधी लिहिलेलं असावं.

त्या रात्री उत्तर यायला वीस मिनिटं लागली. "हो" म्हणाले. तोवर म्हाताऱ्याची चादर मी बदलली होती.

भावाला हा सगळा धागा पाठवला. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: "पोच सापडली, १२ मार्चची आहे. अपील कसं लिहायचं ते विचार." तर वकीलताई, अर्जाचा मसुदा इथं टाकाल का?