मदत हवी आहे: गाडीवरचा पांढरा थर निघत नाही

घाईत_आहे: काचेवर आणि बॉनेटवर खरखरीत पांढरा थर बसलाय. शाम्पूने हलत नाही. गाडी भाड्याची आहे, शनिवारी परत द्यायचीय. काय लावू?

चुनखडी: कुठे राहता? पाण्याचे डाग की धूळ?

घाईत_आहे: थायलंड, सराबुरी. सिमेंटची धूळ, दुसरं काय असणार इथे!

चुनखडी: असं नाही हो. केंग खॉय, थाप क्वांगकडे सिमेंट कारखाने आहेत, तर ना फ्रा लानला दगडखाणी आणि क्रशर. दगडाची भुकटी पाण्याच्या फवाऱ्याने निघते. सिमेंट दवात भिजलं की घट्ट बसतं. आज पडलेली ताजी धूळ थोड्या पाण्यात कालवून पीएच पट्टी (आम्ल की अल्कली ते रंगाने दाखवणारा कागद) लावा. १२ च्या आसपास आलं तर सिमेंट, ८-९ आलं तर चुनखडीची भुकटी. जुना खरवडलेला थर घेऊ नका. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि पट्टी फसवते.

बाबुराव_७१: इतकं कशाला? टॉयलेट क्लीनर ओता, दोन मिनिटांत साफ.

चुनखडी: त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. क्रोम आणि अ‍ॅल्युमिनियम खराब होईल, मग अनामत रक्कम विसरा.

गडचांदूरकर: आमच्याकडे सगळे सिरॅमिक कोटिंग करतात. एकदा करून टाका.

चुनखडी: थर बसल्यावर कोटिंग म्हणजे थर आत कोंडणं. आणि भाड्याच्या गाडीला?

घाईत_आहे: पट्टी १२ दाखवतेय. केंग खॉयला राहतो. पुढे?

चुनखडी: गाडी सावलीत लावा, पत्रा गार होऊ द्या. आधी नुसतं भरपूर पाणी मारा. कोरडं पुसलंत तर ओरखडे पडलेच. मग पाच टक्क्यांचा साधा व्हिनेगर (तिकडे 'नाम सोम साय चू') आणि पाणी निम्मं-निम्मं. आधी कोपऱ्यात लावून बघा. ओला फडका दोन-तीन मिनिटं थरावर ठेवा, वाळू देऊ नका. धुवा, पुन्हा करा. ब्लेड वापरू नका. शेवटी शाम्पू. घरच्या एसीच्या बाहेरच्या युनिटवरही थर असेल तर त्याला मात्र फक्त पाणी. त्याच्या पट्ट्या अ‍ॅल्युमिनियमच्या असतात.

भटकंती: तिथून खाओ याई राष्ट्रीय उद्यान जवळच आहे ना? सूर्यफुलांची शेतं नोव्हेंबर ते जानेवारीत बघा.

रोहिणी_प: धूळ रोजच पडत असेल तर १६५० वर तक्रार करा, प्रदूषण नियंत्रण विभागाचा क्रमांक आहे. वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवा. हिवाळ्यात वारा बहुतेक ईशान्येकडून येतो, म्हणजे उगम घराच्या ईशान्येला शोधायचा.

घाईत_आहे: काच निघाली. बॉनेटवर अजून ठिपके आहेत.

चुनखडी: बॉनेटवर किती वेळा केलंत? आणि गाडीचा रंग कोणता?