लंडनहून हॉलंडला रात्रीच्या बोटीने, आईला झेपेल का?

निवांत_प्रवासी
मंडळी, मे महिन्यात आईला (वय 67) घेऊन इंग्लंड आणि युरोप करतोय. विमानात तिचे कान भयंकर दुखतात म्हणून आत कुठेच विमान नको असं ठरलंय. प्लॅन असा, लंडनला उतरायचं, तिथून युरोस्टार ट्रेनने पॅरिस 4 दिवस, परत लंडन, मग 2-3 दिवसांनी इंग्लंडच्या हार्विच बंदरातून हॉलंडच्या हुक ऑफ हॉलंड बंदराची फेरी बोट, हॉलंडमध्ये 3 दिवस आणि पुन्हा लंडन. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून एकच चालतो तो) फ्रान्सकडून मिळालाय, सिंगल एंट्री. फेरी दिवसाची घ्यावी का रात्रीची? आणि बोट लागते का हो फार?

दर्यावर्दी
रात्रीची घ्या, डोळे झाकून. 11 ला सुटते आणि सकाळी 8 ला पोचते, पण ते 8 डच घड्याळातले, म्हणजे इंग्लंडचे 7, एक तास झोप गेलीच धरा. रात्री केबिन घ्यावीच लागते, खुर्चीत बसून जाता येत नाही, आणि आईंच्या दृष्टीने ते बरंच आहे, आत स्वतःचं बाथरूम असतं. बोटी म्हणजे अवाढव्य आहेत, 240 मीटर लांब, त्यामुळे छोट्या लाँचसारखं हेलकावत नाही. हार्विच इंटरनॅशनल स्टेशन बंदराला चिकटूनच आहे. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनपासून रेल्वे आणि बोट मिळून एकच तिकीट निघतं, तेच काढा.

खिडकीची_सीट
अहो थांबा थांबा, बोट राहू द्या, व्हिसा बघा आधी!! सिंगल एंट्री म्हणताय ना? मग पॅरिस करून लंडनला परतलात की तो संपला, दिवस शिल्लक असले तरी. इंग्लंड शेंगेनमध्ये नाही. हुकला उतरल्यावर बॉर्डरवाला आत घेणार नाही. खरं तर हार्विचला बोटीवरच चढू देणार नाहीत. आणि आता पासपोर्टवर शिक्क्याऐवजी सगळी नोंद यंत्रात जाते, 2025 च्या ऑक्टोबरपासून ते सुरू झालंय, तेव्हा 'नजरेतून सुटेल' ही आशा सोडा.

उपाय सोपा आहे, गोल फिरा. लंडन, बोटीने हॉलंड, ट्रेनने पॅरिस, आणि पॅरिसहून युरोस्टारने लंडन. एकदाच आत, एकदाच बाहेर. व्हिसा फ्रान्सचा आणि पहिलं पाऊल हॉलंडमध्ये, यात काही वावगं नाही कारण जास्त रात्री पॅरिसलाच आहेत, फक्त हॉटेलांची बुकिंगं जवळ ठेवा, विचारतात. यूकेचा व्हिसा मात्र मल्टिपल एंट्री आहे का ते बघा, व्हिजिटर असेल तर सहसा असतो.

निवांत_प्रवासी
बापरे. दोन महिने प्लॅन करतोय आणि हे डोक्यातच आलं नाही. पॅरिसचं हॉटेल कॅन्सल होतंय, वाचलो. आईला अजून सांगितलेलं नाही 😅

दर्यावर्दी
मी पण वाचलं होतं आणि मला पण नाही दिसलं, खिडकीची_सीट यांना दंडवत.

चाकाची_बॅग
आम्ही गेलो होतो दोघं. एक सांगते, वाटेत मॅनिंगट्रीला गाडी बदलावी लागू शकते, आमची लंडनची गाडी लेट झाली, पुढची चुकली, शेवटी टॅक्सी करून धापा टाकत पोचलो. त्यामुळे एक गाडी आधीची पकडा, बोटीवर संध्याकाळीच चढू देतात, जेवण तिथेच करायचं. रविवार टाळा, रुळांची कामं काढतात आणि मधे बसमध्ये कोंबतात. बॅगा आपल्याच आपण ओढायच्या आणि बंदरात चालणं बरंच आहे, तेव्हा आईंची बॅग हलकी ठेवा. उतरल्यावर बंदराशेजारीच मेट्रोचं स्टेशन आहे, बी लाइन, स्खीडामला ट्रेन बदलली की हवं तिथे जाता.

बोट लागू नये म्हणून केबिन शक्यतो खालच्या मजल्यावरची, मधली मागा, टोकाला हलतं जास्त. गोळी चढल्यावर नाही, निघायच्या आधी घ्यायची, आईंच्या बाकीच्या औषधांबरोबर चालेल का ते डॉक्टरांना विचारून.

खिडकीची_सीट
आणि पिशवीत मांस किंवा दुधाचं काही नको. ब्रेक्झिटनंतर, 2021 च्या जानेवारीत, याच हुकला एका ड्रायव्हरचं हॅम सँडविच जप्त केलं होतं, टीव्हीवर दाखवलं होतं ते.

निवांत_प्रवासी
गोल फिरायचं पक्कं. आईला सांगितलं, ती म्हणाली मला आधीपासून बोटच पहिली हवी होती, तूच ऐकत नव्हतास.