प्रतिसाद: गळ्याभोवती नाळ आणि सिझर
मिरजेला आठव्या महिन्याच्या सोनोग्राफीत नाळ गळ्याभोवती दिसली आणि वहिनींना सिझरच करावं लागेल असं सांगितलं, असं तुम्ही लिहिलंय. दर चार-पाच बाळंतपणांत एकदा तरी असा वेढा असतोच, कधी आपोआप सुटतोही. डोकं बाहेर आलं की बोटाने सैल करून वरून काढतात. निव्वळ तेवढ्यावरून सिझर ठरत नाही. कळांमध्ये बाळाच्या हृदयाचे ठोके कमी होऊन सावरत नसतील तर मात्र ऑपरेशन लागतंच, तिथे हटून बसू नका.

‘शेजारणीचं असंच झालं होतं’ असं कोणी म्हणालं तरी तो पुरावा नव्हे. वेढ्यासकट सुखरूप जन्मलेल्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. डॉक्टरांना विचारा, दुसरं काही कारण आहे का? रिपोर्ट घेऊन सांगली सिव्हिललाही दाखवा, आत्ताच. हालचाल कमी वाटली तर त्याच दिवशी न्या.