पिचर काढला, स्टार बसवला: निर्णय सामना बघून घेतात की आदल्या दिवशीच?

तिसरा बेस

एका सामन्यापासून सुरुवात करतो. २७ ऑक्टोबर २०२०, वर्ल्ड सिरीजचा (अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा) सहावा सामना, टॅम्पा बे रेज विरुद्ध लॉस एंजेलिस डॉजर्स. रेज १-० ने पुढे, नऊपैकी सहावी इनिंग, एक आउट. रेजचा पिचर (चेंडू टाकणारा) ब्लेक स्नेलचे ७३ पिच, म्हणजे चेंडू, झालेत, ९ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), वॉक (चार बॉल पडून फुकट मिळालेला बेस) एकही नाही. डॉजर्सचे पहिले तिघे, म्हणजे मूकी बेट्स, कोरी सीगर आणि जस्टिन टर्नर, त्याच्यासमोर दोन-दोनदा आले आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट होऊन परत गेले. तेवढ्यात नवव्या क्रमांकाच्या ऑस्टिन बार्न्सने सिंगल (एका बेसची हिट) मारला. स्नेलविरुद्धची ती जेमतेम दुसरी हिट. आणि रेजचे मॅनेजर केव्हिन कॅश पिचर बदलायला डगआउटमधून (संघाच्या बसायच्या जागेतून) निघाले. त्यांना येताना बघून स्नेलचा चेहरा कसा उतरला, ते चित्रफितीत स्वच्छ दिसतं.

रिलीव्हर (बदली पिचर) निक अँडरसन आला. बेट्सचा डबल (दोन बेसची हिट), बार्न्स तिसऱ्या बेसवर. वाइल्ड पिच (कॅचरच्या हाती न लागलेला चेंडू), बार्न्स घरी, १-१. सीगरचा पहिल्या बेसकडे ग्राउंडर, होम प्लेटकडे थ्रो, बेट्स त्याआधीच पोचलेला. २-१. शेवटी ३-१ आणि सिरीज डॉजर्सची.

कॅश यांनी नंतर कारण दिलं ते असं की बेट्स आणि सीगर यांना स्नेल तिसऱ्यांदा बघायला मिळू नये. म्हणजे समोर काय चाललंय याच्याशी त्या निर्णयाचा संबंधच नव्हता. बॅटिंग ऑर्डरची तिसरी फेरी आली की पिचर बाहेर, एवढंच.

बास्केटबॉलमध्ये हेच विश्रांतीच्या नावाने चालतं. २९ नोव्हेंबर २०१२ ला सॅन अँटोनियो स्पर्सचे कोच ग्रेग पोपोविच यांनी मायामीच्या सामन्याआधीच टिम डंकन, टोनी पार्कर, मानू जिनोबिली आणि डॅनी ग्रीन या प्रमुख खेळाडूंना विमानाने घरी धाडलं. एनबीए या बास्केटबॉल लीगचे तेव्हाचे आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी स्पर्सना अडीच लाख डॉलर दंड केला, पण तोवर तिकिटं खपलेली आणि लोक खुर्च्यांवर बसलेले. दोन्ही खेळांत प्रेक्षक ज्या क्षणासाठी येतो तोच क्षण कागदावर बघून काढून घेतला जातो, हे मला मान्य नाही.

दशांशचिन्ह

स्नेलबद्दल अर्धंच सांगितलंत. त्याच सिरीजचा दुसरा सामना आठवा. पाचव्या इनिंगमध्ये दोन आउट होईपर्यंत स्नेलने एकही हिट दिली नव्हती. मग वॉक, ख्रिस टेलरचा होमरन, पुन्हा वॉक, मग सीगरची हिट. बघता बघता दोन रन गेल्या आणि त्याला काढावं लागलं. स्नेल बिनसतो तेव्हा आधी सूचना देऊन बिनसत नाही. २०२० च्या नियमित मोसमात तो ११ सामने खेळला आणि एकाही सामन्यात त्याने सहा इनिंग पूर्ण केल्या नव्हत्या.

तिसऱ्या फेरीचा परिणाम नुसत्या थकव्याचा नसतो, हे इथे नीट सांगायला हवं. बॅटरने पिचरचा हात कुठून सुटतो, स्लायडर कुठे वळायला लागतो, फास्टबॉल किती वर राहतो हे दोनदा बघितलेलं असतं. पिच कमी टाकलेले असले तरी ही ओळख पुसली जात नाही, म्हणून ‘७३ च तर झाले होते’ या युक्तिवादाला फार वजन नाही. शिवाय तिसऱ्या फेरीपर्यंत टिकतात ते मुळात चांगला दिवस असलेले पिचर; ज्याला मार पडतोय तो त्याआधीच बाहेर गेलेला असतो. अशा निवडक दिवसांतही तिसऱ्या फेरीत बॅटरचे आकडे वर जातात. मग मॅनेजरने डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की यावर?

तिसरा बेस

तिसऱ्या फेरीचं गणित चूक आहे असं मी म्हणतच नाही. पण ते ‘सरासरी स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) की ताजा, चांगला रिलीव्हर’ या प्रश्नाचं उत्तर आहे. त्या रात्रीचा प्रश्न होता ‘हा स्नेल की हा अँडरसन’. अँडरसनने त्याआधीच्या सलग सहा सामन्यांत रन दिली होती. मोसमात तो भन्नाट होता, पण ऑक्टोबरअखेर त्याचा दम संपला होता.

आता हातांचा हिशेब बघा. स्नेल डावखुरा, अँडरसन उजवा. बेट्स उजव्या हाताचा बॅटर, म्हणजे पुस्तकाप्रमाणे त्याला उजवा पिचर जड जायला हवा. पण २०२० मध्ये उलटं होतं: डावखुऱ्यांसमोर बेट्सची सरासरी .२००, उजव्यांसमोर .३०० च्या पुढे. सीगर तर डावखुरा बॅटर, त्याच्यासमोर डावखुरा पिचर ठेवणं हे शाळकरी पोरालाही कळतं. आणि २०२० पासून रिलीव्हरला इनिंग संपेपर्यंत किंवा किमान तीन बॅटरपर्यंत काढता येत नाही. म्हणजे अँडरसनला आणलं की बेट्स, सीगर, टर्नर हे तिघंही त्याच्याच माथी. एका बॅटरपुरता आणून बदलायची सोय राहिली नव्हती.

तुमचेच आकडे पूर्ण वाचले असते तरी स्नेल राहिला असता.

दशांशचिन्ह

एका मोसमात बेट्स डावखुऱ्यांना किती वेळा सामोरा गेला? ६० सामन्यांचा मोसम होता तो. एवढ्याशा नमुन्यावरून .२०० हा स्वभाव ठरत नाही. पण अँडरसनच्या फॉर्मचा मुद्दा मान्य. बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांत, दुसरा कोणी निवडायला हवा होता असं म्हणाल तर मी तुमच्या बाजूने. स्नेलला ठेवायलाच हवं होतं, हे अजूनही पटत नाही.

फास्टब्रेक

बेसबॉलचं तुम्ही दोघं बघा. बास्केटबॉलचा दाखला मात्र धागाकर्त्यांनी चुकीचा निवडलाय.

स्पर्सचा तो पाच रात्रींतला चौथा सामना होता, चारही परमुलखात. आणि घरी धाडलं म्हणून सामना वाया गेला का? राखीव खेळाडूंनी मायामीला शेवटच्या अर्ध्या मिनिटापर्यंत घाम फोडला. रे अॅलनच्या तीन पॉइंटरने मायामी पुढे गेली, निकाल १०५-१००. पुढचं जास्त महत्त्वाचं. २०१३-१४ च्या मोसमात स्पर्सच्या एकाही खेळाडूची सरासरी ३० मिनिटांची नव्हती. जूनमध्ये त्याच मायामीला त्यांनी अंतिम फेरीत ४-१ ने हरवलं. क्वाय लेनर्ड २०१८-१९ मध्ये टोरंटोसाठी ८२ पैकी ६० सामने खेळला आणि जूनमध्ये विजेतेपद आणून दिलं. नोव्हेंबरच्या गुरुवारी बसवलेला खेळाडू जूनमध्ये पायावर उभा राहतो, त्यालाच नियोजन म्हणतात.

आपल्याकडे हा वाद नवा नाही. २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात बुमराह पाचपैकी तीनच कसोटी खेळणार हे आधीच जाहीर केलं होतं, तेव्हाही हाच गदारोळ झाला. तो नसलेल्या एजबॅस्टन आणि ओव्हल या दोन्ही कसोटी आपण जिंकलो.

वरची रांग

फास्टब्रेक, विजेत्यांचेच दाखले दिले की विश्रांती नेहमी शहाणपणाची वाटणार. बसवून ठेवूनही जखमी झालेल्यांची यादी कोण करणार? जानेवारी २०२४ मध्ये एनबीएनेच दहा मोसमांच्या माहितीवरचा अहवाल पुढे आणला. सामने चुकवल्याने नंतरच्या दुखापती कमी होतात असं त्यात दिसलं नाही. लीगचा त्यात स्वार्थ आहे हे उघड आहे, पण उलट बाजूचा तेवढा मोठा पुरावा माझ्या तरी समोर आलेला नाही.

माझी खरी तक्रार लीगच्या उपायांवर आहे. २०२३ पासून दोन गोष्टी आल्या. पहिली: मागच्या तीन मोसमांत ऑल-स्टार किंवा ऑल-एनबीए (मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या संघांत निवड) झालेला खेळाडू ‘स्टार’, आणि एका सामन्यात असे दोन जण एकदम बसवायचे नाहीत. पहिल्या चुकीला एक लाख डॉलर, दुसऱ्या चुकीला अडीच लाख, पुढे आकडा दहा लाखांच्या वर. हे ठीक आहे, कारण ओझं संघमालकावर पडतं. दुसरी: ६५ सामने खेळल्याशिवाय एमव्हीपी (मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू) किंवा ऑल-एनबीएसाठी नाव पात्र नाही, आणि सामना मोजला जाण्यासाठी साधारण २० मिनिटं मैदानावर हवं. इथे ओझं खेळाडूच्या शरीरावर पडलं. २०२३-२४ मध्ये टायरीस हॅलिबर्टनच्या मांडीचा स्नायू दुखावला होता. ऑल-एनबीए झाला तर त्याच्या कराराची रक्कम सुमारे ४ कोटी डॉलरने वाढणार होती. तो घाईने परतला, कमी मिनिटं खेळला, ६५ चा आकडा ओलांडला. रक्कम मिळाली, पण लंगडत खेळणाऱ्या माणसाला बघण्यासाठी आपण तिकीट काढतो का?

फास्टब्रेक

६५ बद्दल पूर्ण सहमत. ८२ मधून १७ सामन्यांची सूट वरवर भरपूर वाटते, पण मांडीचा एक स्नायू ताणला की पाच-सहा आठवडे सहज जातात. मूळ दुखणं सामन्यांची संख्या आणि सलग दोन रात्रींचे सामने हे आहे. ७२ सामने करा, निम्मे वाद आपोआप मिटतील. ते होणार नाही, कारण दहा सामने कमी म्हणजे दहा सामन्यांचा गल्ला कमी.

खडूची रेघ

सगळे मॅनेजर आणि कोचवर तुटून पडलेत, अंपायर राहिलेच. ‘आधी ठरवलेला निर्णय वाईट’ हे धागाकर्त्यांचं म्हणणं स्ट्राइक झोनला (ज्या चौकटीतून गेलेला चेंडू स्ट्राइक ठरतो तिला) लावून बघा, लगेच उलटं पडतं. तिथे आपल्याला आधीच ठरलेला, न हलणारा झोनच हवा असतो.

बेसबॉलच्या मेजर लीगने २०२६ च्या मोसमापासून यंत्राची चॅलेंज पद्धत, म्हणजे अंपायरच्या बॉल-स्ट्राइकच्या निर्णयावर यंत्राकडे दाद मागायची सोय, मंजूर केली आहे. प्रत्येक संघाला दोन चॅलेंज, बरोबर ठरलं तर ते हातात राहतं. मागायचा हक्क फक्त पिचर, कॅचर आणि बॅटरला, तोही लगेच, डोक्यावर टॅप करून. डगआउटकडे बघून विचारायची मुभा नाही. झोनची रुंदी प्लेटइतकी, १७ इंच. वरची कड बॅटरच्या उंचीच्या ५३.५ टक्के, खालची २७ टक्के. सहा फुटी बॅटर, म्हणजे १८३ सेंटिमीटर, घेतला तर जमिनीपासून साधारण ४९ ते ९८ सेंटिमीटर. बॅटर कितीही वाकून उभा राहिला तरी कड हलत नाही, कारण उंची आधीच बुटांशिवाय मोजून ठेवलेली.

यातली खोच लक्षात घ्या. नियमपुस्तकातला झोन प्लेटवर उभ्या केलेल्या खोक्यासारखा आहे. पिच कुठेही चाटून गेला तरी स्ट्राइक. यंत्र मात्र प्लेटच्या बरोबर मधोमध, पुढच्या कडेपासून साडेआठ इंचांवर, एकच उभी पाटी धरतं. त्यामुळे मोठा कर्व्हबॉल (वळत खाली पडणारा चेंडू), जो पुढच्या बाजूला झोनची खालची कड चाटून मधोमध पोचेपर्यंत तिच्याखाली जातो, तो पुस्तकाने स्ट्राइक आणि यंत्राने बॉल ठरू शकतो. पिचर चिडले तर त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

चॅलेंज वापरायचं कधी, यातच कसब आहे. पहिल्या इनिंगमध्ये ०-० वर वाया घालवण्यापेक्षा ३-२ वर (तीन बॉल, दोन स्ट्राइक) किंवा बेस भरलेले असताना त्याची किंमत कितीतरी जास्त. आणि पिचरने मागूच नये. पिच सोडल्यावर त्याचं डोकं झुकलेलं असतं, त्याला प्रत्येकच पिच स्ट्राइक वाटतो. कॅचरला सगळ्यात नीट दिसतं.

वरची रांग

बास्केटबॉलमध्ये हे इतकंही सरळ नाही. कोचला चॅलेंज करायला हातात टाइमआउट शिल्लक लागतो, हरलात की तो गेला. आणि चॅलेंज दिलेल्या निर्णयावरच करता येतं, न दिलेल्यावर नाही. २८ जानेवारी २०२३, लेकर्स बॉस्टनमध्ये, १०५-१०५, शेवटचे काही सेकंद. लेकर्सच्या लेब्रॉनच्या ले-अपवर (बास्केटजवळून टाकलेल्या शॉटवर) बॉस्टनच्या टेटमचा हात सरळ त्याच्या हातावर बसला, शिट्टी वाजली नाही. फाउल दिलाच नाही, मग चॅलेंज कशावर करणार? सामना ओव्हरटाइममध्ये गेला, लेकर्स १२५-१२१ ने हरले. रेफरींनी त्याच रात्री चूक कबूल केली. चुरशीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल लीग २०१५ पासून छापते, पण त्याने निकाल बदलत नाही. निदान शेवटच्या दोन मिनिटांत न वाजलेल्या शिट्टीवरही चॅलेंज मिळालं पाहिजे.

तिसरा बेस

खडूची रेघ, झोन हा नियम झाला. नियम आधी ठरावा, डाव समोर बघून ठरावा, एवढंच माझं म्हणणं.

दशांशचिन्ह, तुमच्यासाठी आणखी एक. १३ एप्रिल २०२२ ला मिनेसोटाच्या थंडीत डॉजर्सचा पिचर क्लेटन कर्शॉने सात इनिंगमध्ये २१ पैकी २१ बॅटर बाद केले, १३ स्ट्राइकआउट, ८० पिच. डॉजर्सचे मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स यांनी त्याला काढलं. तो निर्णय मला मान्य आहे: लॉकआउटमुळे (संघमालकांच्या टाळेबंदीमुळे) सराव तोकडा झालेला, कोपर आधीच दुखरं, एप्रिलचा महिना, आणि कर्शॉचीही तयारी होती. त्याच रॉबर्ट्स यांनी २०२५ च्या वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्यात योशिनोबू यामामोतोला नऊच्या नऊ इनिंग दिल्या. १०५ पिच, शेवटचे २० बॅटर ओळीने बाद. तिसरी फेरी आली आणि गेली. सहाव्या सामन्यात त्याने ९६ पिच टाकले आणि दुसऱ्याच दिवशी सातव्यात येऊन आठ आउट काढून कप घेतला.

दशांशचिन्ह

यामामोतोकडे अर्धा डझन प्रकारचे पिच आहेत, म्हणून तिसऱ्या फेरीतही बॅटरला नवीन काहीतरी दिसतं. सगळ्यांकडे ते नसतं. आणि खांद्या-कोपरांचा हिशेबही धरा: मेजर लीगच्या स्वतःच्या अहवालाप्रमाणे सरासरी फास्टबॉल २००८ मधल्या ताशी ९१.३ मैलांवरून २०२४ मध्ये ९४.२ वर गेला, आणि जखमींच्या यादीत पिचर जाण्याचे प्रसंग २००५ मधल्या २१२ वरून ४८५ वर. प्रत्येक पिच जीव तोडून टाकायचा आणि नऊ इनिंगही टाकायच्या, हे दोन्ही एका हाताकडून मागता येत नाही.

तिसरा बेस

हे शेवटचं वाक्य मान्य. मग ९१ मैलांनी टाकून सात इनिंग खेळणारा पिचर घडवा, असं मी म्हणेन. आजच्या निवडीत त्याला कोणी उभंही करत नाही, आणि खरं नुकसान तिथे झालंय.

फास्टब्रेक

न्यू जर्सी किंवा बे एरियातून (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातून) मुलांना घेऊन बास्केटबॉलच्या सामन्याला जाणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. तिकीट घेताना दोन्ही संघांचं वेळापत्रक उघडा. तुमचा स्टार ज्या संघात आहे तो आदल्या रात्री दुसऱ्या गावात खेळला असेल तर ती तारीख सोडा. वय ३५ च्या पुढे किंवा १,००० सामने झालेले असतील तर अशा जोडसामन्यांत एक दिवस बसायची लीगची परवानगी आधीच घेता येते, म्हणून बुजुर्ग खेळाडूंबाबत जास्त सावध राहा. राष्ट्रीय वाहिनीवर दाखवले जाणारे सामने त्यातल्या त्यात सुरक्षित, कारण तिथे बसवलं तर दंडाची भीती असते. दुखापतींची यादी आदल्या संध्याकाळी ५ वाजेपर्यंत द्यावी लागते. ‘क्वेश्चनेबल’ (खेळणं अनिश्चित) दिसलं तर दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा बघा, मगच निघा.