सॅन डिएगो कॉमिक-कॉनची 'एक्सक्लुझिव्ह' खेळणी: काय मागवू, काय सोडू?

निळी_पेटी
मावसभाऊ सॅन होजेला असतो. यंदा सॅन डिएगो कॉमिक-कॉनचे (कॉमिक्स आणि सिनेमांचं संमेलन) गुरुवार-शुक्रवारचे बॅज, म्हणजे प्रवेशपास, त्याला लागलेत. तो खेळण्यांतला नाही, पण दोन-तीन वस्तू घेऊन ठेवायला तयार आहे. माझी यादी अशी: हॅस्ब्रोची ब्लॅक सिरीजमधली सहा इंची स्टार वॉर्स फिगर एक, फंको पॉप (मोठ्या डोक्याच्या छोट्या बाहुल्या) दोन आणि जमलीच तर लेगोची मिनीफिगर. बजेट २०० डॉलर, पुण्यापर्यंत आणायचा खर्च वेगळा.

प्रश्न तीन. यातलं खरोखर तिथेच घ्यावं लागेल असं काय आहे? लिलावाच्या साइटवर आत्ताच तिप्पट भावाने जाहिराती दिसतायत, त्यातलं उचलून मोकळं व्हावं का? आणि बॉक्स न चेपता माल घरी कसा आणायचा?

('खेळणी खेळायला असतात, खोकी कसली जपता' हे सांगायला कृपया दुसरा धागा काढा.)

पेटीबंद
'एक्सक्लुझिव्ह' म्हणून जे विकतात त्यात चार-पाच जातींचा माल असतो. निम्मा मनस्ताप होतो तो सगळ्याला एकच भाव लावल्यामुळे.

हॅस्ब्रोचा माल बहुतेक वेळा 'आधी तिथे, मग घरबसल्या' या जातीचा. कॉनमध्ये विकतात आणि उरलेला हॅस्ब्रो पल्सवर, म्हणजे त्यांच्याच ऑनलाइन दुकानावर, टाकतात. ठळक उदाहरण २०१३ चं: कार्बनाइटमध्ये गोठलेल्या हान सोलोसकट आलेला सहा इंची बोबा फेट. त्या उन्हाळ्यात लोकांनी त्यासाठी वाट्टेल ते पैसे मोजले. मग तोच बोबा साध्या डब्यात दुकानांत आला आणि हानचा ठोकळाही २०२० मध्ये वेगळा निघाला. म्हणजे शेवटपर्यंत दुर्मीळ राहिला तो फक्त बॉक्स. म्हणून आधी ठरवा, फिगर हवी आहे की बॉक्स? फिगर हवी असेल तर भावाला रांगेत उभं करू नका. पल्सवर त्याचा पत्ता देऊन ठेवा आणि कॉन संपल्यावरचे आठ-दहा दिवस लक्ष ठेवा.

फंकोची जात वेगळी. त्यांचे बरेचसे कॉन-पॉप अमेरिकेतल्या एखाद्या दुकानसाखळीतही त्याच आठवड्यात येतात. साचा तोच, रंग तोच, डबा तोच, फरक फक्त स्टिकरचा. कॉनमधल्या डब्यावर सॅन डिएगोच्या नावाचं स्टिकर, दुकानातल्यावर 'समर कन्व्हेन्शन'. न्यू यॉर्कच्या कॉनच्या वेळी दुकानातलं 'फॉल', सिॲटलच्या वेळी 'स्प्रिंग'. गावाचं नाव असलेलं स्टिकर महाग जातं, कधीकधी दुपटीने. एक इंचाच्या गोल कागदाला एवढे पैसे द्यायचे की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. माझं मत: नाही.

लेगो सोडून द्या. त्या मिनीफिगर बहुतेक वेळा विकत नाहीत, सोडत काढून फुकट वाटत आलेत. २०१२ ला शझाम, बिझारो, फिनिक्स आणि काळ्या वेषातला स्पायडर-मॅन वाटला, २०१३ ला ग्रीन ॲरो, काळ्या पोशाखातला सुपरमॅन आणि स्पायडर-वुमन. नशिबाचा भाग आहे, तो यादीत कशाला धरायचा?

खडूस_काका
+१. शिवाय लेगोच्या त्या फिगरांच्या चिनी नकला बाजारात खंडीभर आहेत. 'सुटी, पाकिटाशिवाय, पण ओरिजिनल' असं कोणी म्हणालं की तिथूनच मागे फिरायचं.

निळी_पेटी
म्हणजे स्टॉलवर जाऊन घेण्यासारखं काहीच नाही?

गॅसलँप_गल्ली
आहे, पण 'जाऊन घेणे' हा प्रकार आता उरलेला नाही. मोठ्या स्टॉलांवर उभं राहायचा हक्कच सोडतीत काढतात. भावाला हे नीट समजावून सांगा, तिथे पोचल्यावर कळून उपयोग नाही.

कॉनच्या काही आठवडे आधी एक्सक्लुझिव्हचं पोर्टल उघडतं. ज्या मेंबर आयडीवर बॅज घेतला त्यानेच आत जायचं. कुठली कंपनी, कुठला दिवस, याची पसंती भरायची. बॅज ज्या दिवसाचा तोच दिवस मागता येतो, म्हणजे त्याला गुरुवार आणि शुक्रवार एवढेच. कुठल्या कंपन्या पोर्टलवर आहेत ते दरवर्षी बदलतं, मागच्या वर्षीच्या यादीवर विसंबू नका. बॅज नावावर असतो आणि २०१६ पासून त्यात आरएफआयडी चिप आहे, आत-बाहेर करताना टेकवावा लागतो. तेव्हा दुसऱ्याचा गळ्यात अडकवून जायचा विचार मनातही आणू नका.

आता लोक चिडतात ती गोष्ट. सोडतीत वेळ मिळाली याचा अर्थ वस्तू मिळाली असा नाही. त्या वेळेला रांगेत उभं राहू देतील, इतकंच. मधल्या काळात ती वस्तू संपली तर रिकाम्या हाताने परत. पुष्कळ स्टॉल रोजचा कोटा वेगळा ठेवतात, पण सगळे नाही. म्हणून गुरुवारला पहिली पसंती द्या. दालन बुधवारी संध्याकाळी प्रीव्ह्यू नाइटला ६ ते ९ उघडं असतं. म्हणजे गुरुवारी सकाळी साडेनऊला आत शिरणारा 'पहिला' नसतोच, आदल्या रात्रीचं गिऱ्हाईक आधीच घेऊन गेलेलं असतं.

पैशांचं: स्टॉलवर लिहिलेल्या किमतीवर विक्रीकर वेगळा लागतो की आतच धरलाय ते विचारायला सांगा. सॅन डिएगोत ७.७५ टक्के आहे. १०० च्या खरेदीला १०७.७५ जातात, २०० च्या बजेटमध्ये एक पॉप कमी होतो. माणशी किती नग देतात तेही आधी बघा. वस्तूवार एक किंवा दोन अशी मर्यादा असते, आणि आपल्यासाठी एक म्हटलं तर भावाच्या मित्राचीही एक असतेच.

पेटीबंद
मित्राच्या मागणीचा मुद्दा बिनतोड!

खडूस_काका
दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: आत्ता अजिबात घेऊ नका. कॉनच्या आधी जे विकतायत त्यांच्या हातात माल नाही. बॅज आहे, सोडत लागेल अशी आशा आहे, आणि फोटो कंपनीच्या जाहिरातीतून उचललेला आहे. सोडत लागली नाही की पैसे परत आणि 'सॉरी'. तोवर तुमचे पैसे अडकलेले.

किमतीचा आलेख जवळजवळ दरवेळी सारखाच असतो. घोषणेनंतर चढतो, कॉनच्या चार दिवसांत शिगेला. मग दुकानातला जोडमाल आणि ऑनलाइन उरलेला माल आला की दोन-तीन आठवड्यांत घसरतो. पुन्हा वर चढायला वर्ष-दोन वर्षं लागतात आणि सगळ्याच वस्तू चढत नाहीत. घ्यायचंच असेल तर ऑगस्टचा शेवट बरा.

भाव बघताना मागितलेली किंमत बघू नका, 'विकले गेले' हा फिल्टर लावून शेवटचे दहा सौदे बघा. त्यातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सोडा, उरलेल्या आठांचा मध्य हा खरा भाव. मागितलेली किंमत म्हणजे लग्नाच्या बैठकीतला पहिला आकडा, तो कोणी मनावर घेत नाही.

निळी_पेटी
ईबेवरून घेऊन अमेरिकेतल्या पार्सल-फॉरवर्डिंगच्या पत्त्यावर मागवलं तर?

खडूस_काका
वस्तू त्या पत्त्यावरून पुढे रवाना झाली की ईबेची पैसे परत मिळण्याची हमी संपते. डबा चेपलेला निघो वा नकली, तक्रार चालत नाही. त्यापेक्षा भावाच्या घरी मागवा, त्याला सहा फोटो काढायला सांगा: पुढून, मागून, तळ, स्टिकर जवळून आणि वरचे दोन कोपरे. खोटं वाटलं तर तिथूनच परत.

शाई_आणि_ठसा
फंकोची नक्कल ओळखायची तर आधी तळ बघा. डब्याच्या तळाला उत्पादनाचा कोड छापलेला असतो. तोच कोड फिगरवर, बहुतेक तळपायावर किंवा मानेखाली. दोन्हीकडे नसेल किंवा जुळत नसेल तर शंका घ्या. अडचण अशी की सीलपॅक डब्यातली मान दिसत नाही. मग छपाईवर यायचं: काळा रंग करडा दिसतो का, अक्षरांच्या कडा फुटल्यात का, नावातलं अंतर खऱ्या फोटोशी जुळतं का.

सगळ्यात बदनाम उदाहरण म्हणजे २०१४ च्या न्यू यॉर्क कॉमिक-कॉनला टॉय टोक्यो या दुकानाने काढलेला प्लॅनेट आर्लिया व्हेजिटा ('ड्रॅगन बॉल झी'मधल्या पात्राचा पॉप). त्याच्या नकला इतक्या निघाल्या की स्वस्तात दिसला तर खोटा समजूनच सुरुवात करावी. आणि स्टिकर हा पुरावा नव्हे. नुसती स्टिकरं सुटी मिळतात, कोणीही साध्या डब्यावर चिकटवतो. स्टिकरखाली बुडबुडा, तिरकी कड किंवा सोनेरी भाग आरशासारखा न चमकता पिवळट, असं काही असेल तर नको.

रेझिनवाली
विषयाला थोडा फाटा. तुम्ही ज्याला एक्सक्लुझिव्ह म्हणताय ते मला ॲडव्हान्स बुकिंग वाटतं. खरी मर्यादा बघायची तर जपानचा वंडर फेस्टिव्हल. चिबाच्या माकुहारी मेस्सेत, वर्षातून दोनदा. तिथले हौशी शिल्पकार रेझिनचे गॅरेज किट विकतात आणि त्यासाठी हक्कदार कंपनीकडून फक्त त्या दिवसापुरता परवाना मिळतो. मूळ नमुना काही महिने आधी दाखवून मंजूर करून घ्यायचा, त्या दिवशी विकायचं, संध्याकाळी परवाना संपला. शिल्पकाराच्या घरी दहा किट उरले तरी तो उद्या विकू शकत नाही. इथे 'मर्यादित' हा शब्द कायद्याचा आहे, जाहिरातीचा नाही. त्यामुळे राग येतो तोही कोणावर काढावा कळत नाही.

फक्त लक्षात ठेवा, ते किट म्हणजे सुटे, बिनरंगी तुकडे. साच्याचं तेल डिशवॉशने घासून काढा, जोडाला पितळी तार घाला, प्रायमर मारा, मग रंग. तेल राहिलं की रंग पापुद्र्यासारखा सुटतो.

पेटीबंद
बॉटकॉनचीही पद्धत वेगळी होती. ट्रान्सफॉर्मर्सचं संमेलन, १९९४ ला फोर्ट वेनमध्ये सुरू झालं. पुढच्या काळात खेळण्यांचा संच नोंदणीच्या पॅकेजबरोबर असायचा. महिने आधी पैसे भरले तर संच नक्की. महाग होतं, पण लॉटरी नव्हती. २०१६ नंतर ते अधिकृत स्वरूपात थांबलं. संग्राहकांना विचाराल तर लॉटरीपेक्षा ही पद्धत प्रामाणिक म्हणतील.

सांताक्रूझ_कार्गो
आणण्याबद्दल. पार्सल हा शेवटचा पर्याय ठेवा. कारणं:

खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. तुमच्या पार्सलला कुठला दर लागेल हे कस्टमवाले ते कुठल्या शीर्षकाखाली टाकतात यावर. 'गिफ्ट' लिहून सुटत नाही, ती सवलत २०१९ च्या डिसेंबरात राख्या आणि जीवरक्षक औषधं सोडून बंद झाली. वर १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरो) प्रमाणपत्र लागतं. त्या आदेशात खेळणं म्हणजे १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळासाठीची वस्तू. तेव्हा डब्यावर १४+ किंवा १५+ छापलं असेल तर तेवढ्याचा फोटो आणि बिल हाताशी ठेवा, माल अडला तर मांडायला हाच मुद्दा आहे.

कुरिअरचा खर्च खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त त्यावर असतो. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. ४० × ३० × ३० चं खोकं म्हणजे ७.२ किलो, आत दीड किलोचा माल असला तरी.

त्यापेक्षा दिवाळीपर्यंत कोणी येत असेल त्याच्या बॅगेत द्या. २०० डॉलरचा माल प्रवाशाच्या शुल्कमुक्त मर्यादेत आरामात बसतो. पॉपचा डबा साधारण १६ × ११.५ × ९ सेंमी. आधी अर्धा मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक प्रोटेक्टरमध्ये, मग पुठ्ठ्याच्या खोक्यात, चारी बाजूंनी तीन सेंमी जागा सोडून कपडे. बॅगेच्या कडेला नको, मधोमध. बबल रॅप थेट खिडकीच्या प्लास्टिकला लावू नका, गरम झालं की त्यावर गोल ठसे उठतात. आधी टिश्यू पेपर. खोकं चिकटपट्टीने मढवू नका, विमानतळावर तपासणीला उघडलं तर सुरीने फाडतात.

कोकणी_कपाट
घरी आल्यावरचंही बघा. पावसाळ्यात पुठ्ठा ओल धरून फुगतो आणि ब्लिस्टरचा (पुठ्ठ्यावर चिकटवलेला प्लास्टिकचा फुगवटा) डिंक सुटतो. २५-३० लिटरच्या झाकणाच्या डब्यात ५० ग्रॅमच्या सिलिका जेलच्या दोन पुड्या पुरतात. नारिंगी मण्यांचा रंग उडाला की १२० अंशाला दोन तास ओव्हनमध्ये. पण पीव्हीसीची फिगर कायमची कोंडून ठेवली तर अंगावर चिकट थर येतो, प्लास्टिकमधला मऊपणाचा घटक बाहेर पडतो. म्हणून दीड-दोन महिन्यांनी झाकण अर्धा दिवस उघडं. सुट्या फिगरला चिकटपणा आलाच तर कोमट पाणी, दोन थेंब शाम्पू, सावलीत वाळवणे. उन्हात नाही.

खडूस_काका
जाता जाता: घरात फनस्कूलचे जुने जी.आय. जो (सैनिकांच्या फिगर) पडलेत का बघा. फनस्कूलचा कारखाना गोव्यात आहे. त्यांच्या कित्येक फिगरांचे रंग अमेरिकन मालापेक्षा वेगळे होते आणि तिकडचे संग्राहक त्यांच्या मागे असतात. आपल्याकडे जत्रेच्या टोपलीतला माल, त्यांच्याकडे 'फॉरेन एक्सक्लुझिव्ह'. अदलाबदलीला पैशांपेक्षा चांगला चालतो.

निळी_पेटी
सगळ्यांचे आभार. नवी यादी: ब्लॅक सिरीज पल्सवर, भावाच्या पत्त्याने. पॉप दोन, 'समर' स्टिकरचे चालतील. लेगो रद्द. पोर्टलवर फक्त गुरुवारची एक पसंती भरायला सांगतेय. बॅगेतून नोव्हेंबरात येईल. काही राहिलं का?

सांताक्रूझ_कार्गो
एक पसंती का? जितक्या भरू देतील तितक्या भरा, नको असलेली वेळ सोडून देता येते. आणि बिलाचा फोटो त्याच दिवशी मागवून घ्या. थर्मल कागदावरचं छापलेलं नोव्हेंबरपर्यंत पुसट झालेलं असेल.