मदत हवी आहे : सामानासह सायकलने पुणे ते पाचगणी, मार्ग आणि गिअर

पौष पौर्णिमेची काळूबाईची यात्रा होऊन मांढरदेवीची गर्दी ओसरली की मी आणि माझा मित्र पुण्याहून महाबळेश्वर, आंबेनळी घाट, पोलादपूरमार्गे दापोलीपर्यंत सायकलने जाणार आहोत. बाकीच्या टप्प्यांची चिंता नाही. प्रश्न आहे तो पुणे ते पाचगणी या पहिल्या दिवसाचा.

कात्रजनंतर शिरवळ, खंबाटकी घाट, सुरूर, वाई हा महामार्गाचा रस्ता चढाला सौम्य असला तरी घाटात चढणाऱ्या ट्रकांच्या शेजारून सायकल हाकणे मला धोक्याचे वाटते. कापूरहोळहून भोर, मांढरदेवी घाट आणि वाई हा मार्ग शांत आहे, परंतु तेथील तीव्र चढ संपवून वाईला उतरल्यावर पसरणी घाट पुन्हा समोर उभा राहतोच. दोन्ही घाट एकाच दिवशी, पॅनिअर (सायकलच्या कॅरिअरला अडकवायच्या सामानाच्या पिशव्या) लावून, कोणी केले आहेत का? की वाईतच मुक्काम करावा?

दुसरी अडचण मित्राच्या सायकलची. पुढची लहान चकती ३४ दातांची आणि कॅसेटची (मागच्या चाकावरील दातेरी चकत्यांच्या संचाची) सर्वांत मोठी चकती २८ दातांची असल्यामुळे सर्वांत हलक्या गिअरमध्येही पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे अडीच मीटर पुढे जाते, म्हणजे चढावर पॅडल जड पडते, आणि त्याचा गुडघा आधीच नाजूक आहे. सर्वांत मोठी चकती ३४ दातांची असलेली कॅसेट बसवल्यास हे अंतर साधारण २.१ मीटरवर येईल. मात्र त्यासाठी मागचा डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) बदलावाच लागतो का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. गुडघ्यावर ताण देऊन त्याने हा प्रवास करावा, असे मला मुळीच वाटत नाही.