हौशी माणसाला बिल्ड टूल हवंच कशाला?

अर्धविराम

पोटापाण्याचं काम वेगळं आहे, प्रोग्रॅमिंग ही रात्री जेवणानंतरची हौस. तीन वर्षांपूर्वी तेव्हा चलतीत असलेल्या एका फ्रेमवर्कमध्ये (पानासाठी कोडचा तयार सांगाडा) छोटं पान केलं होतं: माझं कुठलं पुस्तक कुणी नेलंय, कधी नेलं, परत आलं का. छान चाललं. मग खंड पडला. परवा त्यात फक्त एक रकाना वाढवायला बसलो, तर त्याला लागणारी पॅकेजेस, म्हणजे इतरांनी लिहिलेले कोडचे तयार तुकडे, इन्स्टॉलच होईनात. एकाला नोडची (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) जुनी आवृत्ती हवी, दुसऱ्याला नवी. दोन रात्री त्यांची सोयरीक जुळवण्यात गेल्या. तिसऱ्या रात्री वैतागून तेच पान साध्या एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टमध्ये नव्याने लिहिलं. तीन फायली, बस्स.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की हौशी माणसाने बिल्डची पायरी, म्हणजे लिहिलेला कोड टूलकडून ब्राउझरजोगा करून घेणं, लागणारं काहीही घेऊ नये. नोकरीवाला रोज त्याच कोडमध्ये असतो, आपण सहा-सहा महिने तिकडे फिरकत नाही. आपल्याला वेग नको, खंड पडल्यावरही उघडणारी गोष्ट हवी.

आणि आता अडतंय कुठे? जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची लायब्ररी २००६ मध्ये आली तेव्हा तिची गरज खरीच होती, दर ब्राउझरची तऱ्हा वेगळी. आज पानातला घटक शोधणारं क्वेरीसिलेक्टर, सर्व्हरवरून माहिती आणणारं फेच, घटकाचे क्लास बदलणारं क्लासलिस्ट हे सगळं ब्राउझरमध्येच आहे. ओळी-रकाने मांडणारं सीएसएसचं ग्रिड तर २०१७ च्या मार्चमध्येच क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत आलं. रकाने मांडायला बूटस्ट्रॅपची तयार सीएसएस ओढून आणायची गरज तिथेच संपली. मला पुरतं ते एवढंच: कोड लिहायला व्हीएस कोड, संदर्भाला एमडीएन ही साइट, एखादी नवी सोय कुठल्या ब्राउझरमध्ये चालते ते बघायला ‘कॅन आय यूज’, पान चढवायला गिटहब पेजेस. आणि फायरफॉक्सचा इन्स्पेक्टर. ग्रिडच्या रेघा तो पानावरच आखून दाखवतो, तेव्हा आपला डबा दुसऱ्या ओळीत का गेला हे डोक्याला ताप न देता कळतं.

टॅबवाली

साफ असहमत. आधी सांगा, पॅकेज-लॉक फाइल (कुठल्या पॅकेजची नेमकी कुठली आवृत्ती, याची नोंद) जपली होती का? नोडची कुठली आवृत्ती वापरली ते कुठे लिहून ठेवलं होतं का? एका ओळीची एनव्हीएमआरसी फाइल पुरते त्याला. घराची किल्ली हरवायची आणि कुलपाला नावं ठेवायची, असं झालं हे.

दुसरं, रकाना वाढवताना कोड किती ठिकाणी बदलला? यादीत, फॉर्ममध्ये, शोधात, क्रमवारीत? फ्रेमवर्क लागतं ते यासाठी. डेटा बदलला की पडद्यावरचं सगळं आपोआप बदलावं, ही जेक्वेरीच्या काळातली डोकेदुखी होती आणि क्वेरीसिलेक्टर आल्याने ती गेलेली नाही. मी व्ह्यू हे फ्रेमवर्क वापरते, सोबत वीट (Vite) हे बिल्ड टूल. वीटचा सर्व्हर सुरू व्हायला डोळ्याचं पातं लवायला लागतो तेवढा वेळ लागतो. टाइपस्क्रिप्टही (कुठे कुठल्या प्रकारचा डेटा येणार ते, म्हणजे टाइप्स, लिहू देणारी जावास्क्रिप्ट) सोडणार नाही. खंडाचं म्हणाल तर टाइप्स म्हणजे विसराळू स्वतःला लिहिलेली चिठ्ठी. सहा महिन्यांनी फाइल उघडल्यावर ‘हे फंक्शन नक्की काय परत देतं?’ हा प्रश्न मला पडत नाही. तुम्हाला पडत असणार.

अर्धविराम

लॉक फाइल नव्हती, कबूल. ठिकाणं पाच होती, तेही कबूल. पण लॉक फाइल आवृत्त्या गोठवते, जग गोठवत नाही. २०१६ च्या मार्चमधलं लेफ्ट-पॅड आठवतंय? जेमतेम ११ ओळींचं पॅकेज लेखकाने एनपीएम या पॅकेजेसच्या कोठारातून काढून घेतलं आणि ज्यांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं त्यांची बिल्ड कोसळली. आणि क्रिएट रिॲक्ट ॲप, रिॲक्ट या लायब्ररीतलं काम सुरू करून देणारं टूल? कित्येकांनी रिॲक्टची सुरुवात त्यातून केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये खुद्द रिॲक्टवाल्यांनीच ‘नव्या कामाला हे घेऊ नका’ म्हणून जाहीर केलं.

टॅबवाली

लेफ्ट-पॅडनंतर एनपीएमने पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक केले, तेही सांगा की. अर्धी गोष्ट नको.

एक प्रयोग करा. तुमची जावास्क्रिप्ट मॉड्यूलमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या फायलींत, फोडा, त्या जोडायला इम्पोर्ट वापरा, आणि एचटीएमएल फाइलवर डबल-क्लिक करून पान उघडा. क्रोम सीओआरएसची (पानाने कुठून काय आणावं याच्या नियमाची) लाल एरर देईल आणि मॉड्यूल काही चालणार नाही.

अर्धविराम

माहीत आहे. पायथनमध्ये एका ओळीचा सर्व्हर मिळतो, तो चालू करतो.

टॅबवाली

म्हणजे टूल आलंच की घरात!

मागचा बाक

वाद चालू द्या, पण एमडीएनचा उदोउदो जरा कमी करा. मी दोन महिन्यांपूर्वी सुरुवात केली. रिड्यूस (ॲरेतल्या, म्हणजे यादीतल्या, सगळ्या किमतींची एकच किंमत करणारी सोय) कसं वापरायचं ते बघायला एमडीएन उघडलं तर सुरुवातीलाच अॅक्युम्युलेटर, रिकाम्या ॲरेची टाइपएरर... बंद केलं. डब्ल्यूथ्री-स्कूल्स या साइटवर दोन ओळींचं उदाहरण होतं, तिथल्या तिथे बदलून बघितलं, समजलं. तिला नाकं मुरडायची फॅशन आहे, एवढंच.

अर्धविराम

फॅशन नाही. नावामुळे ती वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीची साइट वाटते, पण तिचा त्या संस्थेशी काहीही संबंध नाही. आणि एके काळी तिथे चुकाही बऱ्याच होत्या. आता पुष्कळ सुधारली आहे. पहिली ओळख तिथे करून घ्या, पण एखादी गोष्ट वागू नये तशी वागायला लागली की एमडीएनच उघडा. रिकाम्या ॲरेला सुरुवातीची किंमत न देता रिड्यूस लावलंत की ती टाइपएरर तुम्हालाही भेटेल, तेव्हा ते पान आवडेल.

नवा खेळाडू

एवढी चर्चा कशाला? एआयला सांगा, पान लिहून देतो.

मागचा बाक

देतो ना. मी साधं पान मागितलं, रिॲक्ट लिहून दिलं. मला रिॲक्ट येत नाही.

टॅबवाली

(हे वाचून हसले, पण मुद्दा खरा आहे.)

अर्धविराम, तुमच्या हट्टाला धक्का न लावता एक सुचवते. फाइलच्या पहिल्या ओळीत टीएस-चेकची कॉमेंट टाका आणि वर जेएसडॉक या ठरलेल्या पद्धतीच्या कॉमेंटमध्ये पुस्तकाच्या नोंदीत काय काय असतं ते लिहा. बिल्ड नाही, इन्स्टॉल नाही. तुमचा व्हीएस कोडच टाइप्स तपासेल. ब्राउझरच्या लेखी त्या नुसत्या कॉमेंट. एवढं करून बघा, मग भांडू.

अर्धविराम

केलं. पहिल्याच फायलीत १७ लाल रेघा. सोळा किरकोळ. सतरावी अशी: नोंद दुरुस्तीच्या फॉर्ममधून बदलली, तर ‘परत आलं’ ही खूण स्पेलिंग चुकलेल्या नावाने साठत होती. म्हणजे तिथून परत केलेलं पुस्तक यादीत बाहेरच राहायचं. ही चूक जुन्या पानातही होती. मीच तिथून जशीच्या तशी उचलली होती.

तीन वर्षं एका मित्राच्या मागे एका पुस्तकासाठी तगादा लावला होता. आत्ता उठून बघितलं, कपाटात वरच्या फळीवर आहे.

टॅबवाली

मित्राला फोन केलात का?

अर्धविराम

आधी स्पेलिंग दुरुस्त करतो.